दादाचे ४१४ दिवस

दापोलीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पॅनकार्ड, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, लाइटबिल, सगळं. महिन्यातून एकदा तरी असं कुणीतरी येतं जे आधी झेरॉक्सचं निमित्त करतं, मग गर्दी ओसरेपर्यंत उगाच बाकावर बसून राहतं आणि शेवटी हळूच विचारतं, ताई, समजा एखाद्याचा तिकडचा व्हिसा संपून गेला असेल तर काय होतं? कुणाचा, तर "ओळखीतला एक आहे." मी नाव विचारत नाही. कारण २०२४ मध्ये सहा महिने मी स्वतः हाच प्रश्न घेऊन फिरत होते आणि मी पण "ओळखीतला एक" असंच म्हणत होते. तो ओळखीतला म्हणजे माझा सख्खा मावसभाऊ. मी त्याला दादाच म्हणते. त्याला विचारूनच लिहितेय हे. म्हणाला नाव नको टाकू, बाकी सगळं लिही, एक पण गोष्ट लपवू नको.

सुरुवात खरं तर वादळापासून करायला हवी. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा मावशीची आठ गुंठ्यांची सुपारीची वाडी दुपारच्या दोन-तीन तासांत आडवी झाली. आंजर्ले-केळशी बाजूला ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगून कळणार नाही, पोफळी अशा मधूनच मोडून पडलेल्या, नारळ मुळासकट उपटलेले, घरावरची कौलं कुठे गेली ते सापडलंच नाही. भरपाई जाहीर झाली हेक्टरी ५० हजार. आता आठ गुंठ्याला किती होतात ते करा हिशोब, चार हजार. आणि पोफळ नवीन लावली तर पीक हातात यायला सहा-सात वर्षं. काका तर त्याआधीच गेलेले. दादा आयटीआयचा वायरमन, वादळानंतर तीन-चार महिने गावोगाव लाइट जोडायचं काम भरपूर होतं, मग तेही संपलं. छपरासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं ते तसंच डोक्यावर.

२०२३ मध्ये यूएईत, म्हणजे दुबई-शारजाकडे, नोकरी लावतो म्हणणारा एक एजंट भेटला. १ लाख २० हजार घेतले. मावशीच्या पाटल्या गहाण पडल्या त्यासाठी. बोलणं असं झालं की व्हिजिट व्हिसावर जायचं, तिथे उतरलं की पंधरा दिवसांत कंपनी वर्क व्हिसा करून देते, सगळे असेच जातात. व्हिसाचा कागद प्रिंट काढायला दादा माझ्याच दुकानात आला होता. त्यावर साठ दिवसांचा व्हिजिट व्हिसा असं स्पष्ट लिहिलेलं मी वाचलं. मी विचारलं पण, दादा यावर कामाचं कुठे काय लिहिलंय? तो म्हणाला तिकडे गेल्यावर होतं ते. आणि मी गप्प बसले. प्रिंटचे दहा रुपये सुद्धा घेतले नाहीत त्याच्याकडून, हसत हसत कागद हातात दिला. ही गोष्ट मला अजून टोचते.

जूनमध्ये गेला. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये लागला, एका खोलीत दहा जण, वर-खाली बेड. पासपोर्ट फोरमनने "व्हिसासाठी" म्हणून घेतला तो घेतलाच. (दुसऱ्याचा पासपोर्ट असा ठेवून घेणं तिथल्या कायद्यात पण चालत नाही, हे आम्हाला नंतर कळलं.) आज करू उद्या करू करत १३ ऑगस्ट २०२३ ला साठ दिवस संपले. एजंटचा फोन बंद.

दादाने घरी सांगितलं व्हिसा झाला.

त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला होते. नाही आला. पहिलंच वर्ष, सुट्टी कशी मिळणार, असं सगळ्यांनी समजून घेतलं. दिवाळीत नाही, मे महिन्यात बघू म्हणाला. पैसे यायचे पण दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने, मला ते खटकायचं, तर म्हणे एक्सचेंजवाल्याकडे मित्राचं खातं आहे ते सोपं पडतं. मग पतसंस्थेच्या कामासाठी मी त्याच्याकडे तिकडच्या ओळखपत्राचा फोटो मागितला, एमिरेट्स आयडीचा. एकदा म्हणाला खोलीवर राहिला. एकदा म्हणाला नूतनीकरणाला दिलाय. गेल्याला अजून वर्ष नाही झालं आणि नूतनीकरण कसलं? मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

कळलं ते शिमग्यात, मार्च २०२४ मध्ये. पालखी घरी आलेली, मावशी ओटी भरत होती, आणि मी दुसऱ्या एका अॅपवर व्हिडिओ कॉल लावून दादाला पालखी दाखवत होते (तिकडे व्हॉट्सअॅपवर कॉल लागत नाही, व्हॉइस मेसेज तेवढे जातात). ढोलाच्या आवाजात त्याचं काही ऐकू येत नव्हतं म्हणून मी बाजूला पडवीत गेले तर तो रडत होता. चाळिशीला टेकलेला माणूस. म्हणाला बाय, माझ्याकडे कागदच नाहीत गो, सात महिने झाले, आईला सांगू नको.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पोलिसांची गाडी दिसली की गल्ली बदलायची. दाढ दुखत होती दोन महिने, दवाखान्यात आयडी मागतात म्हणून लवंग धरून दिवस काढले. सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर. वर्कशॉपवाला पगार अर्धा द्यायचा आणि वर बोलायचा, जा कुठे तक्रार करायची तर कर. तक्रार करणार कुठे, तक्रार करायला दारात गेला तर पहिला हाच आत जाणार असं त्याला वाटायचं.

आणि दंड. यूएईत व्हिसा संपल्यानंतर रोज ५० दिरहम चढतात. रोज. रविवार असो, ईद असो. आपल्याकडचे साडेअकराशे रुपये धरा. आमच्याकडे वाडीत दिवसभर राबून गड्याला एवढी मजुरी मिळत नाही, आणि इथे हा माणूस झोपलेला असताना सुद्धा तेवढे चढतायत. दादाने हा हिशोब करणं कधीच सोडून दिलं होतं. म्हणाला, आकडा मोठा झाला की भीती पण वाटेनाशी होते, नुसतं अंग जड होतं.

मी मावशीला नाही सांगितलं. तीन महिने. त्या तीन महिन्यांत मला जे जे सल्ले मिळाले ते ऐका, कारण हेच सल्ले आज पण दुकानात येणाऱ्यांना कुणी ना कुणी दिलेले असतात.

एकाने सांगितलं पाच हजार दिरहम द्या, आपला माणूस आत आहे, सिस्टीममधून नावच काढून टाकतो. दादा तयार झाला होता द्यायला! मी भांडले त्याच्याशी फोनवर, म्हटलं एकदा दिलेस ना पैसे. दुसऱ्याने सांगितलं ओमानच्या बाजूने डोंगरातून नेतात रात्री, तिकडून मस्कतचं विमान. म्हणजे एका देशात मुदत संपून राहिल्याचा गुन्हा आहे तो आहेच, वर बिनकागदाची सरहद्द ओलांडल्याचा दुसरा, आणि दुसऱ्या देशात तिसरा. तिसऱ्या एकाने सांगितलं काही करू नको, पकडले की तेच फुकट पाठवतात, तिकिटाचे पैसे वाचतात. हा सल्ला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो आणि माझ्या मते सगळ्यात वाईट हाच आहे.

का ते मला बाजारातल्या चाचांनी समजावलं. चाचा हर्णै बाजूचे, सौदीत बावीस वर्षं काढून आलेले, आता मुलाच्या दुकानात गल्ल्यावर बसतात. मी त्यांच्याकडे पण "ओळखीतला एक" म्हणूनच गेले. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, मावशीचा मुलगा ना? मी मान हलवली. तेवढं एक वाक्य कुणीतरी बोललं आणि माझ्या खांद्यावरचं ओझं अर्धं उतरलं, खरं सांगते.

चाचा म्हणाले, बेटी, दोन दरवाजे असतात. एक स्वतःच्या पायाने जायचा. दंड भरून, नाहीतर माफी निघाली तर माफीत, ठप्पा मारून बाहेर पडायचं. दुसरा तरहीलचा. तरहील म्हणजे सौदीतलं डिपोर्ट करायच्या लोकांना ठेवतात ते ठिकाण. त्या दरवाजातून जो गेला त्याची बोटं घेतात, आणि मग बंदी बसते, काही वर्षांची नाहीतर कायमची. पूर्वी लोक काय करायचे, परत येऊन नाव थोडं बदलून, जन्मतारीख बदलून नवीन पासपोर्ट काढायचे आणि पुन्हा जायचे. ते दिवस गेले. यूएईने तर २००१ पासून विमानतळावर डोळ्याची बुबुळं तपासायला सुरुवात केली ती याचसाठी, डिपोर्ट केलेला माणूस नवीन नावाने आत येऊ नये. नाव बदलेल, डोळे कुठून बदलणार?

चाचा स्वतः २०१३ ला सौदीतून आले. तिथे २०११ मध्येच निताकत सुरू झालेलं, म्हणजे कंपन्यांना सौदी माणसं ठेवायची सक्ती, आणि २०१३ मध्ये ज्यांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, एका मालकाचा आणि काम दुसऱ्याकडे अशांना कागद सरळ करायला नाहीतर निघून जायला मुदत दिलेली, आधी ३ जुलैपर्यंत, मग ३ नोव्हेंबरपर्यंत वाढवली. चाचांच्या मालकाने त्यांच्यावर हुरूब टाकलेला, म्हणजे हा पळून गेला अशी नोंद. त्यांच्या खोलीतले चार जण मुदतीत निघाले, दोघांनी विचार केला की अशा मुदती येत असतात. ते दोघे डिसेंबरात पकडले गेले. चाचांना नंतर उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, पुन्हा सौदीत जाता आलं. त्या दोघांचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही.

जूनमध्ये मी मावशीला सांगितलं. पाऊस नुकताच लागला होता, ती पडवीत बसून आमसुलं डब्यात भरत होती. मला वाटलेलं ती कोसळेल. ती म्हणाली, मला कधीचं ठाऊक आहे गो, पोर फोनवर एवढं गोड बोलायला लागलं तेव्हाच कळलं काहीतरी बिघडलंय. आणि मग म्हणाली, वाडी विकूया. आठ गुंठे, त्यातली अर्धी नवीन लावलेली पोफळ, गुडघ्याच्या वर आलेली. गिऱ्हाईक पण होतं, मुंबईच्या माणसाला रिसॉर्टला जागा हवीच होती. जुलैमध्ये तो येऊन बघून पण गेला.

१ ऑगस्ट २०२४ ला बातमी आली. यूएई दोन महिन्यांची माफी देणार, १ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर. दंड माफ, बाहेर पडायची फी माफ, आणि पुन्हा येण्यावर बंदी नाही. ज्याला तिथेच नोकरी मिळतेय त्याला कागद सरळ करून राहता पण येणार. मी ती बातमी चार ठिकाणी वाचली, इंग्रजीत वाचली, मराठीत वाचली, तरी विश्वास बसेना म्हणून त्यांच्या सरकारी खात्याच्या पानावर जाऊन बघितली. मग मावशीला फोन केला, मुंबईवाल्याला थांबायला सांग म्हटलं.

आणि दादा म्हणतो, मी नाही जाणार.

सापळा आहे म्हणे. सगळ्यांना एका तंबूत बोलावतील आणि दारं लावून घेतील. खोलीतले सगळे तेच बोलत होते. मी बातमी पाठवली, म्हणाला बातमी काय, कुणीही छापतं. मला इतका राग आला होता त्याचा. आता विचार केला की वाटतं, वर्षभर जो माणूस गणवेश दिसला की रस्ता बदलतोय, त्याला एक दिवस सांगायचं की आता स्वतःहून त्या गणवेशासमोर जाऊन उभा राहा, ते त्याच्या पायांना कसं जमणार? एजंटने त्याचे पैसे नेले ते नेले, पण कुणावर विश्वास टाकायची ताकदच नेली.

७ सप्टेंबरला गणपती बसले. दुसऱ्या वर्षी पण दादा नाही. आरतीला मावशीचा आवाज लागेना. पाच दिवसांत त्याने फोनच उचलला नाही. गौरी-गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चाचांना घेऊन मावशीकडे गेले, आणि त्यांनी माझ्या फोनवरून दादाला मेसेज केला, बोलून, नऊ मिनिटांचा. सगळं आठवत नाही पण शेवट आठवतो. "हे बघ पोरा, तू चोरी नाही केलीस. तू मुदत चुकवलीस. चोर लपतो. मुदत चुकवलेला माणूस खिडकीवर जातो." रात्री दादाचा उलटा मेसेज आला, दोन शब्द. कागद सांग.

आणि इथे माझं दुकान कामाला आलं. पासपोर्ट फोरमनकडे, फोरमन वर्कशॉप सोडून गेलेला. मग पासपोर्टशिवाय येणार कसा, तर दूतावास नाहीतर कॉन्सुलेट इमर्जन्सी सर्टिफिकेट देतं, त्याला लोक आउटपास म्हणतात. फक्त एकदा भारतात परत येण्यापुरता तो चालतो. पण त्यासाठी तुम्ही भारतीय आहात हे दाखवायला काहीतरी लागतं. दादाकडे मोबाइलमध्ये काही नव्हतं, जुना मोबाइल पण गेलेला. मी २०१९ मध्ये त्याचा पासपोर्टचा फॉर्म भरला होता, आणि मला सवय आहे, घरच्या माणसांचे कागद मी एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. पासपोर्टची पहिली आणि शेवटची दोन्ही पानं, आधार, शाळा सोडल्याचा दाखला. व्हिजिट व्हिसाची ती प्रिंट पण होती तिथे. तीच, जी मी हसत हसत दिली होती. त्यावरचा व्हिसा नंबर सगळ्यात उपयोगी पडला.

तुमच्या घरातलं कुणी बाहेरगावी असेल ना, तर आज रात्री जेवण झालं की त्यांच्या पासपोर्टची दोन पानं आणि व्हिसाचं पान मागून घ्या आणि घरी ठेवा. खरंच एवढं करा.

त्याचा व्हिसा दुबईचा, राहत होता शारजात. ज्या इमिरातीने, म्हणजे यूएईतल्या ज्या राज्याने, व्हिसा दिला तिथेच जावं लागतं. दुबईवाल्यांसाठी दुबईतल्याच अल अवीरला मोठे तंबू टाकलेले, एसीवाले, आणि तिथेच आपल्या कॉन्सुलेटने पण मदतीचं टेबल लावलं होतं. आउटपास दोन-तीन दिवसांत मिळाला, त्याचे पैसे पण घेतले नाहीत. मग ३० सप्टेंबरला दादा तंबूत गेला. सकाळी साडेसहाला मला मेसेज, निघालो. नंतर काही नाही. दुकानात दिवसभर माझं लक्ष नव्हतं, एकाच्या पीक विम्याच्या फॉर्ममध्ये गट नंबर दोनदा चुकीचा टाकला. दुपारी तीनला मेसेज आला. आत बाकांवर बसवलं, पाणी दिलं, बोटांचे ठसे घेतले, एका बाईने हिंदीत विचारलं घर कुठे, आणि कागद हातात दिला. एक्झिट परमिट, देशाबाहेर पडायचा परवाना. कुणी दार लावलं नाही. कुणी ओरडलं नाही.

४१४ दिवस. पन्नासने गुणले तर २०,७०० दिरहम. त्या वेळच्या भावाने साधारण पावणेपाच लाख रुपये. शून्य झाले. मावशीला मी हा आकडा त्या दिवशीच पहिल्यांदा सांगितला, तोपर्यंत हिंमत नव्हती झाली. ती काही बोलली नाही, उठून वाडीत गेली आणि नव्या पोफळींच्या बुंध्याशी ओली माती ओढत बसली, अंधार पडेपर्यंत.

घटस्थापनेनंतर दादा आला, मुंबईहून कोकण रेल्वेने खेडला, तिथून एसटीने दापोली. तीन किलोची बॅग. स्टँडवर मी त्याला ओळखलंच नाही आधी, एवढा वाळलेला.

एक सांगायला हवं, ३१ ऑक्टोबरची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत वाढली. ते जाहीर कधी झालं, तर ३१ ऑक्टोबरलाच, आपली नरकचतुर्दशी होती त्या दिवशी. तोपर्यंत ते लोक मुदत वाढणार नाही असंच सांगत होते. दादाच्या खोलीतले तिघे त्या वाढीव मुदतीत सुटले, पण त्यांनी ते शेवटचे दिवस कसे काढले ते त्यांनाच माहीत. आणि माफी सरसकट पण नव्हती, ज्यांच्यावर आधीच डिपोर्टचा हुकूम होता त्यांना नाही मिळाली, ज्यांची मुदत १ सप्टेंबरनंतर संपली त्यांना पण नाही. त्यामुळे आज दुकानात कुणी विचारलं की आता पुन्हा माफी कधी निघेल, तर मी सांगते त्या भरवशावर बसू नका. आधी मुलाकडून त्याच्या व्हिसाची तारीख घ्या, ऑनलाइन किती दंड दाखवतोय ते बघायला सांगा, कुणी पळून गेल्याची नोंद केलीय का ते विचारायला सांगा, आणि भरता येण्यासारखा असेल तर आजच्या आकड्याला भरा. पैसेच नसतील तर कॉन्सुलेटकडे अर्ज करा, अडकलेल्या भारतीयांसाठी कल्याण निधी आहे, २००९ पासून आहे, तिकिटाला आणि काही वेळा दंडाला सुद्धा त्यातून मदत होते. परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर घरबसल्या तक्रार टाकता येते, ती मी टाकून देते, त्याचे पैसे घेत नाही.

पण सगळीकडे एकच नियम नाही हां. परवा एक बाई आल्या, मुलगा अमेरिकेत शिकायला गेलेला, कॉलेज सुटलं आणि तो राहिला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं लगेच निघून ये म्हणावं. तिथे गोष्ट वेगळी आहे. तिथे बेकायदा राहणं १८० दिवसांच्या वर गेलं आणि मग माणूस बाहेर पडला तर तीन वर्षं बंदी, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षं, आणि ही बंदी लागते ती बाहेर पडल्यावर. त्यात विद्यार्थ्यांचे दिवस मोजायची पद्धत पुन्हा निराळी. म्हणून मी त्यांना काही सल्ला दिला नाही, तिकडचा इमिग्रेशनचा वकील गाठा एवढंच सांगितलं. इंग्लंडात व्हिसा संपल्यावर तीस दिवसांच्या आत स्वतःच्या खर्चाने निघालं तर सहसा बंदी लागत नाही. युरोपात फिरायला गेलेल्याला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि आता ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी मशीन चेहरा आणि बोटं घेऊन दिवस मोजायला लागलंय, म्हणजे शिक्का पुसट होता वगैरे चालणार नाही.

आता दादाचं पुढचं. त्याला परत जायचं होतं. मावशी नको म्हणत होती, मी पण. पण पतसंस्थेचं कर्ज तसंच, पाटल्या तशाच, पोफळीला अजून दोन-तीन वर्षं. आमच्यात खूप वाद झाले. शेवटी मी म्हटलं जा, पण यावेळी प्रत्येक कागद मी वाचणार.

नवीन पासपोर्टला जुना हरवल्याची पोलीस तक्रार, प्रतिज्ञापत्र, आणि फॉर्म. त्या फॉर्ममध्ये एकापाठोपाठ एक प्रश्न आहेत. कधी इमर्जन्सी सर्टिफिकेटवर भारतात आला आहात का. कधी कुठल्या देशाने डिपोर्ट केलं आहे का. दादाला गावात दोघा-तिघांनी सांगितलेलं दोन्हीला नाही लिही, कोण बघतंय. मी पहिल्याला हो लिहिलं, आउटपासचा नंबर, तारीख, ठिकाण, कारण सगळं भरलं. आणि दुसऱ्याला नाही. ते नाही टाइप करताना माझे हात थरथरत होते, सांगते, कारण ते नाही खरं होतं. चाचांच्या दोन दरवाजांमधला फरक त्या एका रकान्यात होता. पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार आले, त्यांना पण सरळ सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, चहा घेतला, गेले. पासपोर्ट आला.

यावेळी एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधला, नोंदणी नंबर बघून. सरकारने ठरवलेली फी ३० हजार आणि वर जीएसटी, पावती घेऊन. दादा दहावी पास म्हणून त्याला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे बाहेर कामाला जायची आपल्या सरकारची मंजुरी, लागत नाही, ज्यांचा पासपोर्ट ईसीआर असतो त्यांना लागतो, आणि त्यांनी तर व्हिजिटवर कामाला जायचा विचार पण करू नये. कंपनीचं ऑफर लेटर आलं ते अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीत पण होतं, तसं मागता येतं हे पहिल्या वेळी आम्हाला माहीतच नव्हतं. दादाने माझ्या दुकानात बसून ते बोट ठेवून ठेवून वाचलं, मोठ्याने. पगार, तास, राहायची सोय, व्हिसाचा खर्च मालकाचा. दोनदा वाचलं.

शिमगा करून, एप्रिल २०२५ मध्ये गेला. व्हिसा मंजूर झाला होता, म्हणजे बंदी नाही हे कागदावर दिसत होतं, तरी मला आणि मावशीला त्या रात्री झोप नव्हती. दुबईला उतरल्यावर डोळ्याच्या मशीनसमोर उभं करतात ना. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी व्हॉइस मेसेज आला, मागे विमानतळाचा आवाज, सामानाच्या पट्ट्याचा. "झालं गो. बघितलं, शिक्का मारला, पुढे जा म्हणाला." मावशीने तो मेसेज मला सात-आठ वेळा लावायला लावला.

महिन्याभरात त्याचा रेसिडन्स व्हिसा झाला, दोन वर्षांचा, आणि एमिरेट्स आयडीचा फोटो त्याने न मागता पाठवला, पुढून मागून दोन्ही. मावशी म्हणाली संपायची तारीख लिहून दे मला मोठ्या अक्षरात. कालनिर्णयवर लिहायला गेले तर २०२७ चं कुठून आणणार. मग तिने देवघराच्या दाराच्या आतल्या बाजूला जागा दाखवली आणि खडू हातात दिला. मी तारीख लिहिली. ती म्हणाली, त्याच्या खाली दोन महिने आधीची पण लिही.